मधला चौकोन

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे. ज्या खोलीत घडलं तिथे मी बसले आहे, पाणी प्यायले आहे. आणि रात्री-बेरात्री नाही... लख्ख उन्हाच्या दुपारी, डोक्यावर पंखा फिरत असताना घडलं.

माझ्या आत्याला सगळे थोरली म्हणतात. धाकटी तिच्या पाठची बहीण. दोघी शिवणकाम करायच्या. थोरलीचा हात नेटका, पण लोक तिच्यासमोरच म्हणायचे, "टाका बघावा तर धाकटीचा!"

थोरली हसायची. आत कुठेतरी सुई मोडायची.

धाकटी गेली तेव्हा तिची पोर रांगत होती. थोरलीने तिला पदराखाली घेतलं. तापात उशाशी बसली, वेण्या घातल्या, हट्ट पुरवले. पोर एका जागी ठरायची नाही म्हणून नाव पडलं भिंगरी. पण 'आई' हा शब्द त्या घरात भिंतीवरच्या फोटोसाठी राखलेला. थोरली मावशीच राहिली.

मोठी होऊन भिंगरी नोकरीसाठी दूर निघाली. थोरलीने तिच्यासाठी गोधडी करायला घेतली. नमुन्यांची गोधडी, प्रत्येक चौकोन निराळा. एकात घर, एकात जिना, एकात उडती पाखरं. आणि कापड सगळं स्वतःच्या साठ्यातलं. धाकटीची चिंधीसुद्धा नको.

साठा म्हणजे लोखंडी कपाट भरून कटपीस.

"मावशी, तू कापडं जमवतेस की अंडी उबवतेस?" भिंगरी चिडवायची.

"हात लावू नकोस. घड्या मोडतील."

तळाशी एक गर्द निळं कापड होतं. इतकं लाडकं, की त्याला कात्री लावायची थोरलीची छाती होत नव्हती.

मधला चौकोन तिने शेवटी ठेवला होता. तो सगळ्यांत देखणा व्हायला हवा होता.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आतल्या खोलीतून आवाज आला.

कच्च...

मग शांत.

कच्च... कच्च...

कात्री कापडातून जाते तो आवाज थोरलीला कुणी सांगायला नको. ती धावली.

खोली रिकामी. कात्री खिळ्याला टांगलेली. कपाटाला कुलूप. किल्ली तिच्याच कमरेला.

पण गोधडीच्या मधोमध चौकोन होता... गर्द निळा.

पाकळीला पाकळी लागलेलं फूल. टाके मुंगीच्या पावलांएवढे. आणि सगळे उलट्या बाजूला कललेले.

धाकटी डावरी होती.

भीती नंतर वाटली, असं थोरली सांगते. आधी जळफळाट झाला.

"मरूनसुद्धा माझ्या पुढेच का गं?" ती मोठ्याने म्हणाली.

पंखा तेवढा फिरत राहिला.

तिने टाके उसवले, एकेक करून. फूल केराच्या डब्यात टाकलं. त्या जागी स्वतःच्या हातचा तारा बसवला. मग चहा ठेवायला गेली. परत आली तर...

फूल जागच्या जागी.

तारा डब्यात. नीट घडी घालून.

ती पुन्हा उसवायला वाकली, तोच दार वाजलं. भिंगरी आली होती. आली ती सरळ आत शिरली, गोधडी उचलून बाहेरच्या खोलीत पसरून बसली. तिचं बोट घरावरून गेलं, जिन्यावरून गेलं... आणि मध्येच थांबलं.

"मावशी, यावर हात ठेवला की कसं शांत वाटतंय गं. हा तूच केलास?"

खरं ओठांवर आलं होतं. थोरलीने ते गिळलं.

"मग काय शेजारीण आली होती करायला? मीच केला."

"माझं सगळं तूच केलंस." पोरीने तिच्या कमरेला मिठी मारली. "एक विचारू? हसू नकोस हं."

"विचार की."

"जायच्या आधी एकदा... तुला आई म्हणू?"

उन्हाळे सरले, हिवाळे सरले, या एका हाकेसाठी तिने कानांत प्राण आणले होते. थोरलीने नुसती मान डोलावली.

"आई..."

थोरलीने तोंड उघडलं.

आणि आतल्या खोलीतून, अगदी मायेने, कुणीतरी म्हणालं...

"ओ."

भिंगरीने ते ऐकलं की नाही, हे थोरलीने आजवर विचारलेलं नाही. गोधडी पोरीबरोबर गेली. फोन येतो. हल्ली ती फोनवरही आईच म्हणते.

थोरली मात्र लगेच ओ देत नाही. फोन कानाला धरून थांबते. आतल्या खोलीकडे बघते.

परवा मी तिच्या शेजारीच बसले होते. फोन वाजला. पलीकडून पोरीची हाक आली. थोरली थांबली...

मीही श्वास धरून ऐकत राहिले, आधी कुणी ओ देतंय का ते.