बाजूच्या सीटचा बेल्ट

हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही, रंगवलेलं तर अजिबात नाही.

भुतं म्हणे रात्री भेटतात. माझ्या वाट्याला आलं ते मंगळवारी, दुपारी सव्वातीनला, विमा कंपनीच्या चार नंबरच्या काउंटरवर.

आधी थोडं मागचं सांगतो.

माझ्या वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. आधाराशिवाय त्यांना चार पावलंही टाकवत नाहीत. म्हणून जुनं घर सोडून आम्ही हॉस्पिटल असलेल्या शहरात राहायला आलो. शेवटचे दोन खोके आणायला मी एकटाच गाडी घेऊन जुन्या घरी गेलो होतो.

खोके डिकीत टाकले. घरमालकाला किल्ली दिली. गाडी सुरू केली.

आणि... टुंग. टुंग. टुंग.

बाजूच्या सीटचा बेल्ट लावा म्हणून गाडी ओरडत होती. सीटवर साधी पिशवीसुद्धा नव्हती. दहा मिनिटं ऐकून घेतलं. मग वैतागून हात लांब केला आणि रिकाम्या सीटचा बेल्ट खटकन अडकवला.

आवाज बंद झाला.

तासाभराने एका वळणावर ट्रक आडवा आला आणि मी दुभाजकावर आदळलो. मला फक्त खरचटलं. गाडीचं तोंड मात्र पार चेपलं.

विमा होता. वाटलं, आठवड्यात काम होईल. कसलं काय!

नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेयर गॅरेजमध्ये आला. चेपलेलं बॉनेट सोडून हा पठ्ठ्या गाडीच्या आतच वाकून बघत बसला.

"साहेब, बाजूला कोण होतं?"

"कोणीच नाही."

"बेल्ट जाम झालाय. लावलेला असेल तरच असा होतो."

मी टुंग टुंगची सगळी हकिगत सांगितली. तो हसला. मग त्याने मेकॅनिकच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"धडकेच्या वेळी सीटवर माणूस होता... गाडीतच नोंद आहे."

अंगावर काटा आला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा राग जास्त आला. कंपनीचा संशय असा, की गाडी दुसराच कोणीतरी चालवत होता, मी बाजूला बसलो होतो आणि आता त्याला लपवतोय. क्लेम अडकला तो अडकलाच.

सहा आठवडे मी हेलपाटे घातले. फोन केला की आधी संगीत, मग नवीन माणूस, मग त्या नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं. पत्ता बदलल्याचं दोनदा कळवूनही त्यांची पत्रं जुन्याच घरी जात होती. कंपनी सोबतच्या माणसाची सही मागत होती, म्हणून बायकोला म्हटलं, तू सोबत होतीस अशी सही कर. ती म्हणाली, "मी बाबांजवळ होते त्या दिवशी. खोटी सही नाही करणार."

आणि बाबा? ते टॅक्सीच्या भरवशावर. एका सोमवारी डायलिसिसनंतर टॅक्सी आलीच नाही. हॉस्पिटलच्या पायरीवर दीड तास ते माझ्या खांद्यावर मान टाकून बसले होते.

"राहू दे रे आता," ते म्हणाले. "यापुढे डायलिसिसला नको जायला."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "सोबतच्या व्यक्तीची सही नाही. ती आणा, आजच्या आज पास करते."

माझा तोल सुटला.

"होतं! होतं कोणीतरी माझ्या शेजारी! मला मान्य आहे! लिहा आणि सोडा एकदाचं!"

ऑफिसातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

बाईंनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही... माझ्या बाजूच्या खुर्चीकडे.

"मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "इतके दिवस यांना नुसतंच सोबत आणून बसवताय."

त्यांनी फॉर्म आणि पेन त्या खुर्चीकडे सरकवलं.

"इथे सही करा. खाली नातं लिहा."

खुर्ची रिकामी होती.

मी डोळे घट्ट मिटून घेतले. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला... मग शिक्का आपटल्याचा.

"झालं. पास."

फॉर्मवर काय लिहिलं होतं, ते वाचायची माझी हिंमत झाली नाही. आजही नाही.

आठ दिवसांत गाडी मिळाली. बाबा वेळेवर पोचू लागले. हॉस्पिटलच्या दारातल्या बाकावर त्यांना बसवायचं, गाडी लावून यायचं आणि हाताला धरून वर न्यायचं, असं आमचं ठरलेलं.

काल, गुरुवारी, गाडी लावून आलो, तर बाक रिकामा...

मी जिने धावत चढलो. तिसऱ्या मजल्यावर बाबा त्यांच्या बेडवर होते. हाताला सुई लागलेली.

"बाबा, वर कसे आलात?"

"चालत," ते म्हणाले. "हात धरला की त्याने."

"कोणी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेड्यासारखं विचारतोय.

"बरं, शनिवारी तू सुट्टी काढू नकोस," ते म्हणाले. "आम्ही दोघं येऊ गाडी घेऊन."

बाबांना गाडी चालवता येत नाही.

उद्या शनिवार आहे. गाडीची किल्ली मी कालपासून खिशातून बाहेर काढलेली नाही.