चौथ्या खिडकीची जागा

माळीवाड्याच्या स्टँडवर अडीचची करमाळा गाडी लागली की तिच्यात आधी माणसं चढत नसत, रुमाल चढत. गाडी पुरती थांबायच्या आतच खिडक्यांतून टोप्या, पिशव्या, उपरणी आत जात. एकदा तर एका बाईनं तान्हं पोर आत दिलेलं मी पाहिलंय. ज्याची वस्तू ज्या बाकावर पडली, ती जागा त्याची. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुतेक तो कुणी मोडत नसे.

माझा रुमाल पांढरा. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं भरलेलं एक पान. आणि जागा ठरलेली — डाव्या अंगाची चौथी खिडकी. दुपारी तिथं ऊन येत नाही, चाकाचा हादरा बसत नाही आणि उलटी होणारी मंडळी सहसा पुढं बसतात. दीड वर्ष दर शनिवारी नगरहून मिरजगावला जाऊन मी एवढं शिकले होते. नगरला आत्याकडं राहून मी मास्तरणीचा कोर्स करत होते. तिथं आम्हाला एक निरीक्षण वही असे. दुसऱ्या मुलीचा पाठ बघायचा आणि एका रकान्यात गुण, दुसऱ्यात उणिवा लिहायच्या. पाठापुरती होती ती सवय, पण मला ती माणसांनाही लागली.

बाहत्तर सालच्या पितृपंधरवड्यातला शनिवार. मी रुमाल टाकला, गाडी सुटायला अवकाश होता म्हणून आईसाठी केळी घ्यायला गेले आणि परत येऊन बघते तर माझ्या जागेवर एक तरुण. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर पितळी डबा. रुमालाचा पत्ता नाही.

"इथं माझा रुमाल होता," मी म्हणाले.

"हिरव्या पानाचा?" त्यांचा चेहरा असा उजळला, जणू माझीच वाट बघत होते. "काळजी करू नका. एकदम सुरक्षित आहे."

आणि त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. बाकावर बेवारस वस्तू सापडली म्हणून या गृहस्थानं ती नेऊन स्टँडच्या कंट्रोलरकडं जमा केली होती, रीतसर नोंद करून. जाताना स्वतःचा डबा मात्र बाकावर ठेवला होता… म्हणजे गाडीच्या कायद्यानं जागा आता त्यांची झाली होती आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

अख्खी गाडी हसली. कंडक्टर छगनराव दोरी धरून इतके हसले की गाडी सुटायची घंटी चुकून दोनदा वाजली. गृहस्थ रेल्वेतले निघाले — नगर स्टेशनात मालधक्क्यावर कारकून, बन्सी घोडके. रेल्वेत जागा कागदावर मिळते आणि डब्यात पडलेला रुमाल म्हणजे कुणाचा तरी हरवलेला रुमाल, एवढंच त्यांना माहीत. एस्टीत ते पहिल्यांदाच बसत होते, कारण मिरजगावला त्यांची बहीण दिलेली, तिच्या नवऱ्याचा पाय मोडलेला आणि मिरजगावला रेल्वे जात नाही.

ते उठले. मी बसले. दोन तास दांडीला लोंबकळत ते आले आणि गाडी हादरली की शेजारच्याला "माफ करा" म्हणत राहिले. मी मनातल्या वहीत लिहिलं. गुण : प्रामाणिक. उणिवा : फारच.

रुमाल परत मिळवायला मात्र आणखी एक शनिवार लागला. मधल्या आठवड्यात गेले तर कंट्रोलर म्हणाले, ज्यानं जमा केला त्याची सही पाहिजे. तेव्हा पुढच्या शनिवारी आम्ही दोघं त्यांच्या टेबलापुढं उभे राहिलो, सह्या केल्या, आणि रुमाल माझ्या हाती देताना बन्सीची बोटं जरा जास्तच जपून उघडली. तो मी चौथ्या खिडकीला टाकला. शेजारच्या जागेवर त्यांनी डबा ठेवला — आता जाणूनबुजून.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. खिडकीतून आत यायचा तो नुसता धुरळा. साकतपासून पुढं रस्त्याच्या कडेनं दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली असत. गाडी गेली की बाया पदर तोंडावर घेत. बन्सी त्यांच्याकडं बघत आणि आठवड्यात मालगाडीनं आलेल्या मिलो ज्वारीच्या किती वाघिणी रिकाम्या केल्या ते सांगत. बढाई म्हणून नाही. ही ज्वारी ह्यांच्यापर्यंत पोचते की नाही, याचा घोर म्हणून. माझ्या केसांवर धूळ बसली की ते खिडकीची काच ओढायला हात पुढं करत, आणि तो हात माझ्यासमोरून न्यावा लागेल हे लक्षात आलं की मागं घेत. काच कधी बंद झाली नाही. मीही कधी केली नाही.

भांडायला आम्हाला एक विषय होता. त्यांचं म्हणणं, प्रवास म्हणजे रेल्वेचा — वेळापत्रक, सिग्नल, पाय लांब करायला जागा, खिडकीशी चहा. माझं म्हणणं, तुमची गाडी स्टेशनाशिवाय कुठं थांबत नाही. आमची एस्टी माणसानं हात केला की थांबते. रुईछत्तिशीच्या साळूबाईला तर छगनराव तिच्या वस्तीच्या वाटेवर उतरवतात.

"पण रूळ असले की चुकायची भीती नसते," ते म्हणाले.

"रूळ असले की वळायचीही सोय नसते."

"सिग्नल पडला की आम्ही वळतो…" ते हळूच म्हणाले. "सिग्नलाशिवाय नाही."

मी खिडकीबाहेर बघितलं. तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं.

असे शनिवार सरत गेले. दिवाळी झाली. पण बन्सीनं त्या हाताएवढं सुद्धा मन कधी पुढं केलं नाही, आणि मी मिरजगावची मुलगी, मी तरी सिग्नल कसा पाडणार?

तेवढ्यात विमान आलं.

आमच्या गावच्या आप्पासाहेबांचा भाचा सांताक्रूझच्या विमानतळावर नोकरीला होता. तो मला बघायला मुंबईहून औरंगाबादपर्यंत विमानानं आला, पाऊण तासात. तिथून आप्पासाहेबांच्या जीपनं मिरजगावपर्यंत पाच तास. दारात उतरला तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. माझ्या वडलांवर, सहादेवतात्यांवर, त्या पाऊण तासाचा असा परिणाम झाला की उरलेले पाच तास त्यांना दिसलेच नाहीत. चावडीवर जो भेटेल त्याला सांगत, "जेवून हात धुवेस्तवर मुंबई."

मुलगा वाईट नव्हता. हसरा होता, माझ्या शिक्षणाचं कौतुकही केलं. मी त्याला एकच विचारलं — वरून आपलं मिरजगाव दिसतं का?

"वरून सगळी गावं सारखीच दिसतात," तो म्हणाला.

उत्तर खरंच असणार. पण माझी वही तिथंच मिटली.

ठरलेल्या रविवारी तात्या नारळ घेऊन आप्पासाहेबांकडं होकार द्यायला जाणार होते. नको म्हणायचं तर कुणासाठी नको, हे मला सांगता आलं पाहिजे. आणि ज्याच्यासाठी नको म्हणायचं, त्यानं अजून काच सुद्धा ओढली नव्हती. म्हणून त्या रविवारच्या आठ दिवस आधीच, शनिवारच्या गाडीत मी बन्सीला सगळं सांगितलं. पाऊण तास, जीप, नारळ. आणि वाट बघितली.

ते डब्याच्या झाकणाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "विमान… लवकर पोचवतं. त्रास कमी."

मिरजगाव येईपर्यंत उणिवांचा रकाना भरून पान उलटावं लागलं.

*

नारळाच्या आदल्या दिवशी आमचा परीक्षेचा पाठ लांबला. मी स्टँडवर पळत आले तर गाडी गच्च भरलेली, आणि हातातला रुमाल टाकायला खिडकीच मोकळी नाही. आत चढले. दाराशी जरा थांबावंच लागलं, कारण पुढं भांडण चाललं होतं आणि सगळी गाडी मान वळवून ते ऐकत होती.

चौथ्या खिडकीशी बन्सी उभे होते. हात दोन्ही बाकांच्या दांड्यांवर, जणू फाटक लावलंय. बाकावर त्यांचा चौकड्यांचा मोठा रुमाल नीट चार घड्यांचा ठेवलेला. त्याच्यावर एक उपरणं. आणि उपरण्याचे मालक समोर उभे.

ते माझे तात्या होते. नारळ आणि साखर घ्यायला नगरला आलेले.

"आजोबा, रुमाल आधी पडलाय," बन्सी म्हणत होते. आजोबा. माझे तात्या तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे.

"आमी खिडकीतनं टाकलंय उपरनं. तुमी कवा टाकला?"

"मी सव्वाला टाकला. गाडी डेपोतून निघाली तेव्हाच आत बसून आलो."

गाडीत एक कौतुकाचा हुंकार उमटला. रुमालाला हरवलेली वस्तू समजणारा माणूस रुमालासाठी डेपोत जाऊन बसला होता.

छगनराव तिकिटांची पेटी सावरत मध्ये आले. त्यांनी दोन्ही कापडं बघितली. म्हणाले, जागा येक हाय, सवारी सांगा. कुनासाठी धरलीया?

"माज्या लेकीसाठी," तात्या म्हणाले. "शाळंतनं दमून येती ती."

छगनराव बन्सीकडं वळले. बन्सीनं एकदा गाडीभर बघितलं. निम्मी गाडी मिरजगावची होती. कान लाल झाले, पण हात दांड्यांवरून निघाले नाहीत.

"मुक्ताबाईंसाठी," ते म्हणाले. "मिरजगावच्या."

मुक्ता म्हणजे मीच; भर गाडीत घेतलेलं ते नाव मला अजून ऐकू येतं. मग माझी पिशवी कुणाच्या तरी गुडघ्याला लागली, माणसं बाजूला झाली आणि दोघांनी मला एकदमच बघितलं. बन्सीनं आधी माझ्याकडं, मग तात्यांच्या नाकाकडं बघितलं, जे माझ्याही चेहऱ्यावर आहे. आणि हात पटकन खाली घेतले.

"मंग भांडान कशापाई?" छगनराव म्हणाले. "दोगांची सवारी येकच हाय."

कुणी हसलं नाही. तात्यांनी आपलं उपरणं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं. मी खिडकीशी बसले. शेजारी साळूबाई टोपली घेऊन बसलेली, ती आता एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. ते दोघं मात्र एकाच दांडीला धरून उभे. गाडी सुटली.

स्टँड मागं पडला. तशी तात्यांनी चौकशी सुरू केली, बन्सीकडं न बघता. नाव, गाव, कुळ, नोकरी. बन्सी परीक्षेला बसल्यासारखे उत्तरं देत होते. रेल्वे म्हटल्यावर तात्या थांबले.

"रेल्वे मिरजगावाला येत न्हाई," ते म्हणाले. इतका वेळ हाच मुद्दा त्यांनी राखून ठेवला असावा.

"रेल्वे येत नाही," बन्सी म्हणाले. "मी येतो… दर शनिवारी."

"भयनीकडं. दाजींचा पाय मोडलाय म्हून. आमच्या कानावर हाय ते."

तिकीट फाडता फाडता छगनराव मान वर न करता बोलले. "त्यांचं दाजी दिवाळीपास्नं चालत्यात, तात्या. परवा बाजारात बैल पळवत हुते."

दिवाळी होऊन सात शनिवार झाले होते. मी मनातल्या मनात मोजले, मग पुन्हा मोजले. सात शनिवार हा माणूस कुणाच्याही पायासाठी आला नव्हता, आणि मी, जिला माणसं वाचता येतात असं वाटत होतं, मी ते एकदाही विचारलं नव्हतं. उणिवांच्या रकान्यात त्या दिवशी पहिल्यांदा माझं नाव लागलं.

"मग मागच्या शनिवारी विमान लवकर पोचवतं, असं का म्हणालात?" मी विचारलं. तात्यांसमोर, गाडीसमोर. 

बन्सी खाली वाकून बोलले. "लवकर पोचवतं, हे खरंच आहे. खोटं कसं बोलू? पण… मला लवकर पोचायचं नव्हतं. मिरजगाव आलं की तुम्ही उतरता."

साळूबाईनं टोपलीवरचा पदर तोंडाला लावला.

रुईछत्तिशी आली. छगनरावांनी घंटी दिली, साळूबाई उतरली. माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. तात्या वडील माणूस, जागा त्यांची. बन्सी दोन पावलं मागं सरले. तात्या बसायला वळले.

मुठीत माझा रुमाल होता, घामानं ओला झालेला. सिग्नल कसा पाडतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पण रुमाल कसा टाकतात, ते येत होतं.

मी तो उलगडला आणि रिकाम्या जागेवर टाकला. हिरवं पान वर.

तात्या अर्धे वाकलेले तसेच थांबले. त्यांनी रुमालाकडं बघितलं. मग माझ्याकडं, फार वेळ. नारळांची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"आप्पासायबाला आजच सांगावं लागंल," ते स्वतःशीच म्हणाले. मग सरळ उभे राहिले, दांडी धरली आणि बन्सीला म्हणाले, "बसा पाव्हनं. रुमाल पडल्याव जाग्याला कोन हात लावतंय? उंद्या भयनीला आन् दाजीला घिऊन या. चालत या म्हनावं."

बन्सीनं बसायच्या आधी रुमाल उचलला. मला पहिला शनिवार आठवला… पण त्यांनी तो नीट घडी केला, पान आत राहील असा, आणि पेनाच्या खिशात ठेवला.

"पावती?" मी बाहेर बघत विचारलं.

"याची पावती मिळायची नाही," ते म्हणाले. "हा परत करायचा नाही."

पुढं मांदळीच्या वळणावर खडी फोडणाऱ्या एका म्हातारीनं हात केला, आणि गच्च भरलेली आमची गाडी तिच्यासाठी थांबली. धुरळ्याचा लोट आत आला. तेव्हा बन्सीनं माझ्यासमोरून हात नेला आणि काच ओढली.