मनमापकाचा हिरवा दिवा

नव्या छातीचा भार कळावा म्हणून दिलेलं वजनाचं जाकीट अंगात चढवून शाल्मली दवाखान्यातल्या आरशासमोर उभी राहिली, तोच तिचा नवरा विक्रांत म्हणाला, "बघ, किती छान दिसतंय!" आरसा अजून सुरूही झाला नव्हता.

डॉ. खर्डीकरांनी हसून त्याला बाहेर बसवलं. कायदाच तसा होता. स्तन मोठे करून घेतलेल्या कितीतरी बायका नंतर "मला नको होतं, नवऱ्यासाठी केलं" असं सांगू लागल्या, तेव्हापासून तोंडी होकाराला काही अर्थ उरला नव्हता. आता मनमापक लागे. मनगटावरच्या पट्टीतून नाडी आणि घाम, आरशातून डोळ्यांच्या बाहुल्या टिपून तो मनातला खरा आनंद ओळखायचा. हिरवा दिवा लागला की होकार, लाल लागला की नकार.

शाल्मलीची सगळी भिस्त त्या लाल दिव्यावर होती. विक्रांत वाईट नव्हता, पंचाईत तीच होती. ओरडणारा असता तर भांडता आलं असतं. हा रुसायचा, जेवताना मान वर करायचा नाही. घरातल्या त्या शांततेला कंटाळून तिने आधी "बघू" म्हटलं, मग "ठीक आहे" म्हटलं, आणि बघता बघता ती इथे येऊन पोचली. आता वाईटपणा यंत्राने घ्यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

"हे सिलिकॉन जेल," डॉक्टर म्हणाल्या. आरशात नवी शाल्मली उभी राहिली. "हाताला अगदी नैसर्गिक लागतं. पण फुटलं तर कळत नाही, अधूनमधून तपासणी करावी लागते."

लाल. शाल्मलीने सुटकेचा निःश्वास टाकला.

"हे घट्ट जेल. आकार सोडत नाही."

पुन्हा लाल. बाहेर जाऊन काय सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करू लागली. माझी तयारी होती रे, यंत्रच नाही म्हणालं.

"आणि ही मिठाच्या पाण्याची पिशवी. हल्ली फारसं कुणी घेत नाही, कधीकधी सुरकुत्या दिसतात. फुटली तर पाणी अंगातच जिरतं, त्रास काही नाही. एक-दोन दिवसांत छाती पहिल्यासारखी सपाट. मग रिकामी पिशवी तेवढी काढून टाकायची."

पहिल्यासारखी! शाल्मलीला आपलं जुनं अंग आठवलं, लग्नाआधी त्या अंगात एकटीने राहण्याचे दिवस आठवले, आणि आनंदाने तिचा ऊर भरून आला.

हिरवा दिवा लागला.

"अभिनंदन!" डॉक्टरांना मनापासून बरं वाटलं होतं. दार उघडून विक्रांत आत आला, दिव्याकडे पाहून त्याचा चेहरा फुलला.

"नाही, थांबा," शाल्मली म्हणाली. लग्नानंतर हा शब्द तिने पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने उच्चारला होता. "मला हे नकोय. मला आनंद झाला तो ती पिशवी फुटून जाण्याचा."

"भीती वाटते हो सगळ्यांनाच," डॉक्टर तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाल्या. "म्हणूनच तर आम्ही तोंडचे शब्द धरत नाही."

"यंत्र कशाला खोटं बोलेल?" विक्रांत लाडाने म्हणाला.

शाल्मलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मनगटावरची पट्टी अजूनही इमानाने तिची नाडी टिपत होती.

"डॉक्टर," तिने विचारलं, "बाईचं 'नको' ऐकू येईल असं यंत्र कधी निघणार आहे?"