स्ट्रेचरच्या पुढच्या टोकाला

माझे मामा थापा मारणाऱ्यातले नाहीत. त्यांनी हे सांगितलं तेव्हा घरात कुणीच हसलं नाही, यावरून काय ते समजा.

मामा हॉस्पिटलात वॉर्डबॉय. साठीला टेकले, तरी 'बॉय'च! चाकांचं स्ट्रेचर नेहमी दोघांनी न्यायचं असतं. मागे मामा, पुढे त्यांचा जोडीदार. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. पेशंट घाबरू नये म्हणून चालताना तो एका हातानं त्याचं पाऊल धरून ठेवायचा.

एकदा पाळीवर पाळी करून पैलवान बाकावर टेकला, तो उठलाच नाही. त्याच्या जागी कुणी आलं नाही. साहेबांकडे माणूस मागून मागून मामांची जीभ झिजली.

गेल्या रविवारी, भर दुपारी, लिफ्ट बंद पडली. एका बाईंना तातडीनं ऑपरेशनला न्यायचं होतं. खाली जायला लांबलचक उतार, आणि मामा एकटे.

अर्ध्यावर घामानं हात निसटला...

स्ट्रेचर सुटलं.

आणि थांबलं. पुढून कुणीतरी अडवावं तसं.

मामांच्या जिवात जीव आला. पण पुढे कुणीच नव्हतं. फक्त चपला फरफटल्याचा आवाज... फर्र... फर्र...

पैलवान तसाच चालायचा.

उतार संपला. ऑपरेशन थिएटर डावीकडे. शवागार समोर.

स्ट्रेचर समोर निघालं...

मामांनी जीव खाऊन मागे ओढलं. पुढची ओढ वाढतच गेली. बाईंच्या पावलावरची चादर कुणीतरी मुठीत आवळल्यासारखी चुरगळली होती.

"अरे, जिवंत आहेत त्या!" मामा किंचाळले. "सोड त्यांना!"

ओढ एकदम थांबली. मामा मागच्या भिंतीवर आदळले.

बाई वाचल्या. शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुमच्या जोडीदाराचा हात किती गार हो!"

 मामा तडक साहेबांकडे गेले. "साहेब, पाया पडतो. एकट्यानं नाही जमायचं आता. माणूस द्या."

साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "उगाच रडगाणं नको. रविवारी खिडकीतून पाहिलंय मी. दोघं तर होतात की!"

उद्या मामांची सकाळची पाळी आहे. मामी रडून सांगतेय, जाऊ नका. भीती मामांनाही वाटतेय. तरी ते निघणारच.

म्हणाले, "मी नाही गेलो, तर स्ट्रेचरला तो एकटाच उरेल गं..."