शाफ्टला बांधलेली लोकर

"जहाजाचा जनरेटर आला की शाफ्ट लोकरीच्या दोरीनं बांधायचा. का, ते विचारायचं नाय." सृष्टी कामावर लागली त्याच दिवशी मल्हारीमामानं भाचीला बजावलं होतं. मामा वर्कशॉपातला जुना मिस्त्री, देवगाव रंगारीकडचा. घरी अजून मेंढरं होती, लोकर तिथलीच. सृष्टी मात्र इलेक्ट्रिकलची इंजिनियर. न विचारता गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

चिकलठाण्याच्या त्या वर्कशॉपात मुंबईहून ट्रकनं एक धूड आलं होतं. जहाजाच्या मुख्य इंजिनावर चालणारा जनरेटर. इंजिन पाण्यातला पंखा फिरवतं, त्याच फिरण्यावर याचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, फिरतो आणि हा अख्ख्या जहाजाला वीज पुरवतो. नवी वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची वेटोळी, गुंडाळून झाली होती. चाचणीच्या दाखल्यावर सृष्टीची सही पडली की उद्या तो मुंबईला परत जाऊन दुसऱ्या जहाजावर चढणार होता.

शुक्रवार, सुट्टीचा वार. एमआयडीसीची वीज बंद. चार वाजताच्या उन्हानं पत्रे तडतडत होते. शाफ्ट हातानं फिरवून करायची शेवटची मोजणी राहिली होती, म्हणून तिनं दोरी सोडली.

"शेळी आहे का, पळून जायला?" ती स्वतःशीच हसली.

आधी वास आला. खारट, ओला, जळक्या तेलाचा. मग शाफ्ट हलला... एक फेरा... दुसरा... ना इंजिन जोडलेलं, ना पट्टा, ना कुणाचा हात. सृष्टी मागं सरली नाही. तिनं मीटर लावला. आकडा चढत चढत चारशे चाळीस व्होल्टवर थांबला. जहाजावर लागतात, बरोबर तेवढे. तिनं फेरे मोजले. मिनिटाला ब्याण्णव. भर समुद्रात जहाजाचा पंखा फिरतो, तेवढेच.

आणि आतून कुणीतरी बुक्क्या मारू लागलं.

मल्हारीमामा धावत आला. त्यानं दोरी गुंडाळली, तसा शाफ्ट थांबला.

"मामा, आत कोण आहे?"

"मागल्या बारीलाबी असंच वाजत हुतं, कोण हुतं ठावं नाय. बांधून तसाच धाडला..."

"मागल्या बारीला?"

केबिनच्या दारात मालक मुकुंदकाका उभे होते. "तीन वर्षांपूर्वी हा आपणच दुरुस्त केला होता," ते हळूच म्हणाले. "जहाज दुसरं होतं. भर समुद्रात ह्याची वीज गेली, इंजिनरूममध्ये पाणी शिरलं... जहाज वाचलं. एक माणूस आतच राहिला. पण लोखंडाला काय कळतंय, बाळ? दोरी बांध आणि सही कर."

"तिकडं जहाजावर शाफ्ट बांधून वीज कशी येणार, काका? त्याला फिरावंच लागेल. आणि त्याच्या भरवशावर वीसबावीस माणसं असतील."

"सृष्टे, मोठ्यांसमोर जीभ आवर," मामा पुटपुटला.

"मोठ्यांनी आवरली ना तीन वर्षं! काय झालं त्यानं?"

तिनं दाखला ओढला आणि सहीच्या जागेवर पेनानं आडवी रेघ मारली.

"मी सही करणार नाही. हा कुठल्याच जहाजावर चढणार नाही, आणि का, ते मी लेखी देणार. ऐकलं?"

मामा दोरीची गाठ आणखी आवळू लागला. काका केबिनकडे वळले.

"ऐकलं..." तांब्याच्या वेटोळ्यांआडून कुणीतरी म्हणालं, आणि खोकलं. नाकातोंडात पाणी गेलेलं माणूस खोकतं, तसं.