थकणारा हात

धाकटी डबा घरीच विसरून गेली, एवढंच निमित्त झालं. थोरलीची ग्रंथालयातली पाळी त्या दिवशी अर्धीच होती. तिने डबा पिशवीत घातला आणि दुपारी दीडच्या सुमारास ती अग्निशमन केंद्राच्या फाटकाशी उतरली. आई गेल्यापासून धाकटीचं सगळं तिनेच केलं होतं. शाळा, आजारपणं, परीक्षा. आणि आता ही नोकरी, लोकांना आगीतून आणि पडक्या घरांतून बाहेर काढायची. तिने ती घेऊ नये म्हणून थोरलीने चार महिने अबोला धरला होता. धाकटी बधली नव्हती.

"ताई, आता हे सगळे मला बाळ म्हणणार," धाकटी कुजबुजली.

"म्हणू देत. डबा विसरणाऱ्याला दुसरं काय म्हणतात?"

केंद्रामागच्या मैदानात एक ढिगारा होता. बावीस वर्षांपूर्वी शिवणकामाचा एक चार मजली कारखाना कोसळला, त्याचाच राडारोडा आणून, आत वाकडेतिकडे बोगदे ठेवून तो सरावासाठी रचला होता. त्या वेळी सुटकेचं काम ज्यांनी सांभाळलं, ते निवृत्त अधिकारी आज नव्या मुलामुलींना शिकवायला आले होते. सगळे त्यांना काका म्हणत. सोबत एक वयस्कर बाई होत्या, त्या मावशी. त्या त्याच कारखान्यात कामाला होत्या आणि तीन दिवसांनी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाल्या होत्या. काकांनी थोरलीलाही बसायला सांगितलं. ऐकून ठेवलेलं वाया जात नाही, म्हणाले.

त्यांनी शांततेचा नियम शिकवला. मूठ वर गेली की यंत्रं बंद, बोलणं बंद, पाऊलसुद्धा हलवायचं नाही. मग पाच वेळा ठोकायचं आणि मिनिटभर ऐकायचं. गाडलेल्या माणसाचं तोंड धुळीने भरलेलं असतं, त्याला हाक मारता येत नाही. ते ठोकतं. उत्तर आलं की ती जागा सोडायची नाही.

"मी एकदा सोडली," काका म्हणाले. त्या कारखान्याच्या वेळी दोन जागांहून उत्तर येत होतं. ते मोठ्या आवाजाकडे गेले. सात तास उपसूनही तिथे कोणी सापडलं नाही, आणि तोवर दुसरीकडचा आवाज थांबला होता.

मावशी फार बोलल्या नाहीत. आपल्या शेजारी कोणीतरी ठोकत होतं, त्याची सोबत वाटायची, एवढंच त्यांनी सांगितलं. बाहेर काढल्यावर पाहिलं तर शेजारी माणूस मावेल एवढी फटही नव्हती. पोरं एकमेकांकडे बघून गालात हसली. तहानेने भास झाला असणार, असं कोणीतरी म्हणालं. मावशींनी वाद घातला नाही.

मग सराव सुरू झाला. गाडलेलं माणूस व्हायची पाळी धाकटीची होती. विटेचा तुकडा आणि वायरलेस घेऊन ती मागच्या बोगद्यातून आत सरपटत गेली. कुठे लपायचं ते तिने स्वतःच ठरवायचं होतं. थोरलीला तिचे बूट आत जाताना दिसले, आणि नंतर फक्त काळोख.

दहा मिनिटांनी ढिगाऱ्याच्या पोटातून एक लांबट करकर आली. वरचा स्लॅब हातभर खाली सरकला. तिन्ही बोगद्यांच्या तोंडांतून धूळ बाहेर पडली. जुन्या, ओलसर कपड्यांना येतो तसा तिला वास होता.

वायरलेसवरून उत्तर येईना. काकांची मूठ वर गेली. मैदानात चिडीचूप झालं. त्यांनी लोखंडी नळावर पाच वेळा ठोकलं.

उत्तर आलं. उजवीकडून, पाच. आणि त्याच क्षणी डावीकडूनही, पाच.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा दोन्हीकडून पाच, सारखेच स्पष्ट. स्लॅब एका कडेवर कसाबसा टेकला होता. एका बाजूने उपसलं तर सगळा भार दुसऱ्या बाजूला बसणार होता. एकच जागा निवडायची होती, आणि हवा किती उरली आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

"काका, सांगा ना कुठे," थोरली म्हणाली.

काका एकदा उजवीकडे बघत होते, एकदा डावीकडे. त्यांची मूठ वरच होती.

मावशी पुढे आल्या. ढिगाऱ्याला हात लावून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ठोकत राहा. थांबू नका. जिवंत माणूस थकतं... ते दुसरं थकत नाही."

थोरलीला कळलं. आत होती नव्हती तेवढी हवा धाकटी उत्तर देण्यात घालवणार होती, आणि तिला दमवायचं ते हिने. तिने काकांच्या हातातून हातोडी घेतली.

पाच. दोन्हीकडून पाच.

पुन्हा पाच. पुन्हा. तिचे डोळे वाहत होते, पण हात चालू होता. पंधराव्या खेपेला उजवीकडचं ठोकणं किंचित मागे पडलं. विसाव्याला चारच आले. मग तीन... मग एक, बऱ्याच वेळाने आणखी एक. डावीकडे मात्र घड्याळासारखे पाच.

"उजवीकडे," थोरली म्हणाली. "उपसा."

चाळीस मिनिटं लागली. घमेली हातोहात पुढे सरकत होती. डावीकडचा भार खाली बसला, तसं तिथलं ठोकणं बंद झालं. शेवटी भोक पडलं आणि बॅटरीच्या उजेडात धाकटीचा चेहरा दिसला. डोळे उघडे होते. ती एका कडेला, दुसऱ्या कोणाला जागा करून द्यावी तशी अंग चोरून पडली होती.

बाहेर आणून तिला स्ट्रेचरवर निजवलं. थोरली तिच्या केसांतली धूळ झटकत राहिली.

"शहाणी गं माझी. दमलीस, तरी ठोकत राहिलीस."

धाकटीने मान हलवली. "मी नाही ठोकलं, ताई. पहिल्याच धक्क्याला दोन्ही हात तुळईखाली अडकले."

थोरलीने पाहिलं. दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे पडले होते. बोटं हलत नव्हती.

"मग... कोणी?"

"होतं कोणीतरी शेजारी. तुमचं वरचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. मावशी म्हणाल्या ना, जिवंत माणूस थकतं म्हणून... ते ऐकून ते जरा थांबलं. मग हळूहळू ठोकायला लागलं. दमल्यासारखं." धाकटीने ओठांवरून जीभ फिरवली. "आणि माझ्या कानाशी म्हणालं, आता आपल्याला बाहेर काढतील."

मैदानात काका सगळ्यांना रांगेत उभं करून माणसं मोजत होते. शेवटच्या माणसापर्यंत जाऊन ते थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.