कार्डावरचा फिका लाल

“किराबो, गठ्ठे कोण बांधणार? पळतेस कुठे?” कातेंदेमामा छापखान्यातून ओरडले.

किराबो थांबलीच नाही! हातात दोन कार्डं घेऊन ती कंपालाच्या गल्लीत, भर उन्हात जाऊन उभी राहिली. मागोमाग मावसभाऊ सेर्वाद्दा आणि मैत्रीण नामुतेबी धावत आले. सुट्टीत तिघं मामांना मदत करत होती. काम दवाखान्यांच्या कार्डांचं होतं. नर्स रक्ताचा थेंब कागदावर घेते, कार्डावरच्या लाल चौकोनांशी ताडून पाहते आणि रक्त पुरेसं आहे की कमी ते सांगते.

“बघा! हा दवाखान्याचा नमुना आणि हे आपलं. आपला लाल किती फिका!”

“आत तर सारखेच दिसत होते,” सेर्वाद्दा म्हणाला.

“आत पिवळा दिवा आहे, शहाण्या!”

नामुतेबी कार्डाच्या तळाशी छापलेलं छापखान्याचं नाव वाचत होती. “ताईला याच कार्डावर तपासलं होतं,” ती हळूच म्हणाली. “रक्त ठणठणीत आहे म्हणाले. गेल्या महिन्यात बाळंतपणात गेली ती.”

तिघं कार्डं घेऊन आत मामांकडे गेली.

मामांनी मात्र हात झटकले. “तीन महिन्यांपासून शाई जरा स्वस्त घेतोय, एवढंच! दिव्याखाली मी स्वतः रंग जुळवलाय. वीस वर्षं हेच करतोय मी!”

“मग पैज लावता, मामा?” सेर्वाद्दाने लाल कागदाचा एक तुकडा पुढे केला. “उन्हात या आणि हा नमुन्यावर कुठे जुळतो ते सांगा!”

“पोरखेळ नुसता!” मामा बाहेर आले. तुकडा नमुन्यावरून सरकवत ते ‘रक्त फार कमी’ या चौकोनापाशी थांबले. “हा घ्या! अगदी तंतोतंत!”

किराबोने तुकडा उलटला. तो त्यांच्याच कार्डातून कापलेला होता. मागे लिहिलं होतं : नवं कार्ड, ‘रक्त पुरेसं’.

मामांनी तुकडा पुन्हा नमुन्यावर ठेवून पाहिला. मग आत जाऊन त्यांनी यंत्र बंद केलं आणि स्वतःच दवाखान्यांना फोन लावले.

आठवडाभर गरोदर बायकांची पुन्हा तपासणी झाली. नऊ जणींना तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. त्यानंतर दवाखान्यातल्या नर्स नाब्वीरे छापखान्यात आल्या.

“शाबास, पोरांनो! आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्ही पाहिलंत. नऊ जणी वाचल्या!”

“सिस्टर,” नामुतेबीने विचारलं, “कार्ड बरोबर असतं, तर ताई...?”

नर्सबाईंनी नजर चुकवली नाही. “हो गं. वेळेवर रक्त देता आलं असतं. वाचली असती कदाचित.”

मामा पुढे आले.

“पोरी, मला तुझ्या आईकडे घेऊन चल. हे तिला मीच सांगायला हवं.”